मोकळं सोडणाऱ्या बाई

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर शनिवारी सकाळी दहा वाजता एक बाई मुलांना मोकळं सोडतात. मोकळं सोडण्याची वेळ दहा ते साडेअकरा, उशीर चालत नाही. येताना जुना टी-शर्ट, ओला रुमाल, पाण्याची वाटी आणि नाव घातलेला ब्रश आणावा. पालकांनी दाराच्या आत पाऊल टाकू नये. मुलांनी काय काढावं याबद्दल घरून एक अक्षरही सांगून पाठवू नये. अशी सूचना शुक्रवारी रात्री ग्रुपवर येते आणि तिच्याखाली एक हसरा सूर्य असतो.

बँकेत सर्क्युलरं वाचण्यात जन्म गेल्यामुळे या सूचनेतली फट मला ताबडतोब दिसली. बंदी पालकांना आहे, आजोबांचा कुठेही उल्लेख नाही. त्यामुळे नातवाला पोचवून मी दाराच्या आतल्या अंगाला खुर्ची टाकून पेपर वाचत बसतो. बाई मिरजेकडच्या, मी पुण्याचा. बेंगळुरूच्या आउटर रिंग रोडवर, बेळंदूरसारख्या ठिकाणी, एवढं नातं पुरतं. ‘काका, बसा की, पण बोलायचं नाही हं,’ एवढ्यावर आमचा तह झाला आहे.

बाईंचं शिक्षण असं: शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट, दोन्हीला ए ग्रेड, मग कोल्हापुरात ए.टी.डी. आता म्हणे दहावीला या परीक्षांचे वाढीव गुण मिळतात, ए ग्रेडला 7, बीला 5, सीला 3. आपल्या वेळी हे नव्हतं याचं दुःख त्यांना अजून आहे, आणि ते त्या गुण वाढवून मागणाऱ्या माणसाच्या चिकाटीने सांगतात. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमागे इकडे आल्या. आठवडाभर एका शाळेत पहिली ते पाचवीला आर्ट अँड क्राफ्ट, शनिवारी आमच्याकडे. मुलं त्यांना मिस् म्हणतात, शाळेतली आयम्मा, म्हणजे मदतनीस बाई, मिस्सु म्हणते, पालक मॅम म्हणतात. सुट्टीत राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने माहेरी जातात आणि येताना बर्फी-पेढ्यांऐवजी घोटीव कागदाचे गठ्ठे आणतात, कारण इथल्या घोटीव कागदाला ‘ती चकाकी न्हाई’.

मुलाच्या कागदाला मोठ्या माणसाचा हात लागता कामा नये, हा बाईंचा धर्म. त्याचे आचार्यही ठरलेले आहेत. व्हिएन्नाचा फ्रान्झ चिझेक, ज्याने 1897 साली मुलांसाठी चित्रांचा वर्ग काढला आणि शिकवण्याऐवजी शिकवणं थांबवून पाहिलं. दुसरा व्हिक्टर लोवेनफेल्ड, 1947 साली जाडजूड पुस्तक लिहून रंगवायच्या छापील वह्यांवर तुटून पडलेला. आणि आपल्याकडचे देवीप्रसाद, शांतिनिकेतनातून 1944 साली सेवाग्रामला येऊन नयी तालीमच्या मुलांना चित्रकला शिकवणारे. ही तिन्ही नावं बाई लिफ्टमध्ये तळमजला ते सातवा मजला एवढ्या वेळात समजावून देऊ शकतात. एकदा मी म्हटलं, ‘बाई, चिझेकच्या मोकळ्या वर्गातली चित्रंसुद्धा म्हणे सगळी एकाच घराण्यातली वाटायची, असं त्याचे टीकाकार म्हणत.’ बाई म्हणाल्या, ‘काका, तुम्ही पेपर वाचा.’

माझं म्हणणं एवढंच, की बाईंचं डोकं व्हिएन्नात आहे आणि हात मिरजेत. हा हात ज्या मास्तरांनी घडवला त्यांनी तांब्या काढायचा तो मधली उभी रेघ आखून, डावी बाजू आली तशीच उजवी. स्मरणचित्रात माणसं निदान तीन, त्यातलं एक पाठमोरं. संकल्पचित्रात पानाचं टोक वर्तुळाला टेकलंच पाहिजे. अक्षरलेखनात वरची-खालची रेघ खोडायची, पण खोडलेली दिसायची नाही. असा हात मुलांच्या कागदाजवळून नुसता जाऊ शकत नाही. म्हणून बाई वर्गात हिंडताना दोन्ही हात पाठीमागे घेतात आणि डाव्या हाताने उजव्याचं मनगट घट्ट धरतात. बघणाऱ्याला वाटतं, काय ही शांत, अलिप्त शिक्षिका. मी मागून बघतो, त्यामुळे मला त्या उजव्या हाताची बोटं दिसतात. ती हवेत रेघा मारत असतात.

विधानसौधचा तास मी जवळून पाहिला. विषय होता ‘माझं शहर’. बेंगळुरूतलं मूल ‘माझं शहर’ म्हटलं की विधानसौध काढतं, आणि विधानसौध म्हटलं की खांब. पुढच्या बाजूचे ते दगडी खांब 12 आहेत, चाळीस-चाळीस फुटी. 1956 साली इमारत पूर्ण झाली तेव्हापासून त्यात एकही वाढलेला नाही. मुलं मात्र कागद संपेपर्यंत खांब काढतात. एका मुलीने तर खाली जागा उरली नाही म्हणून खांबांची रांग वळवून वर आभाळात नेली. घुमटावरचे सिंह तिने घुमटाएवढे काढले होते आणि ते एकमेकांकडे बघून हसत होते. बाई तिच्यामागे उभ्या. ‘वा! किती छान! मला काही म्हणायचंच नाही,’ असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचे ओठ हलायला लागले. त्या खांब मोजत होत्या. एकोणिसाव्याला थांबल्या. डाव्या हाताची पकड सुटली, उजवा पुढे आला, वर्गात एक क्षण काय होणार ते कळेना, आणि मग त्या हाताने मुलीच्या डोक्यावर टपली मारली आणि परत मागे गेला. हा बाईंचा विजय होता. पण असे विजय फार नसतात. शेजारच्या मुलाच्या कागदावर तो हात ‘फक्त पेन्सिलने, फक्त दाखवायला’ उतरला आणि त्या विधानसौधला सुरेख उभी रेघ मिळाली.

बाईंनी एक गोष्ट मात्र खरोखर बंद पाडली, ती म्हणजे देखावा. दोन डोंगर, मधे सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठाला झोपडी, झोपडीशेजारी नारळ, वर इंग्रजी एम आकाराचे पक्षी. काश्मीर ते कन्याकुमारी भारताच्या एकात्मतेचा याहून पक्का पुरावा नाही. बाईंच्या वर्गात तमिळ, तेलुगू, बंगाली, पंजाबी, कन्नड मुलं आहेत, आणि पहिल्या दिवशी सगळ्यांनी हाच देखावा काढला. त्यातलं एकही मूल झोपडीत राहत नाही. या शहराला नावाजण्यासारखी नदी नाही आणि आहे ती वृषभावती नाकाला रुमाल लावून बघावी लागते. बाईंनी फर्मान काढलं: खिडकीतून जे दिसतं तेच काढायचं.

त्यातून निघालेली कापसाची गोष्ट बाई स्वतःच सांगतात आणि स्वतःच हसतात. कोलाजचा तास होता. आमच्या मागचं बेळंदूर तळं त्या दिवसांत रोज बातम्यांत असे. 2017च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा 2018च्या जानेवारीत त्या तळ्याला चक्क आग लागली होती, आणि मधल्या काळात त्याचा पांढरा फेस वाऱ्याबरोबर रस्त्यावर येई. दुसरीतल्या एका मुलाने निळ्या टिंटेड पेपरचं तळं कापून चिकटवलं आणि त्या तळ्यावर कापूस लावायला सुरुवात केली. बाईंच्या हातावरचा ताबा सुटला. त्यांनी कापूस उचलला आणि आकाशाच्या जागी नेऊन ठेवला. ‘अरे, ढग वर असतात की.’ मुलाने कापूस परत खाली आणला. ‘मिस्, क्लाउड नाही, फोम आहे.’ मग त्याने नारिंगी ऑइल पेस्टल काढला आणि तळ्याच्या मधोमध ज्वाळा काढल्या. बाई गप्प. लोवेनफेल्डच्या जाड पुस्तकात पेटलेल्या पाण्याचं काय करायचं ते दिलेलं नसावं. ते चित्र त्यांनी पालकांना परत दिलं नाही, अजून त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून लावलेलं आहे. त्याच्यासमोर त्यांचा हात गप्प राहतो.

रंगांच्या बाबतीत बाई कर्मठ. पालक ॲपवरून दहा मिनिटांत अठ्ठेचाळीस रंगांचा डबा मागवतात, बाई तो दारातच ठेवून घेतात आणि तीन बाटल्या पुढे करतात: पिवळा, लाल, निळा, शिवाय पांढरा. कंपनी कॅमल. दांडेकरांनी 1931 साली घोडा छाप शाईने सुरू केलेल्या घराण्याचा हा उंट, आणि त्यावर बाईंची निष्ठा माहेरच्या माणसावर असावी तशी. बाकीचे सगळे रंग मुलांनी स्वतः मिसळून शोधायचे. मुलं शोधतात. हिरवा सापडतो, जांभळा सापडतो, मग सगळं एकत्र केल्यावर काय होतं हे बघायची इच्छा प्रत्येकाला एकाच वेळी होते आणि अकरा वाजायच्या आत प्रत्येक वाटीत टँकरने आमच्या सोसायटीला उन्हाळ्यात आणलेल्या पाण्याचा रंग येतो.

शाळेतली परिस्थिती याहून बिकट. 2020 सालापासून सीबीएसईने पहिली ते दहावी सगळ्यांना कलेशी सांगड घातलेले प्रकल्प सक्तीचे केले. कल्पना चांगली. भूगोलाच्या बाई, गणिताच्या बाई, सगळ्यांनी कलेतून शिकवायचं. प्रत्यक्षात भूगोलाच्या आणि गणिताच्या बाई ‘यू प्लीज टेक केअर नो, मॅम’ म्हणून ड्रॉइंगच्या बाईंकडे येतात. त्यात एक भारत श्रेष्ठ भारत योजनेच्या जोड्या. महाराष्ट्राची जोडी ओडिशाशी, कर्नाटकाची उत्तराखंडाशी. मिरजेच्या बाईंनी बेंगळुरूच्या मुलांना कुमाऊंची ऐपण कला शिकवायची, असा देशाच्या एकात्मतेचा हा कार्यक्रम.

त्याआधी शाळेने त्यांना वारलीच्या तज्ज्ञ म्हणून नेमलंच होतं. ‘यू आर फ्रॉम महाराष्ट्रा, नो?’ मिरज आणि वारलीचं डहाणू ही महाराष्ट्राची दोन टोकं, पण इथून ती एकच दिसतात. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली त्यानंतर, आणि खरं तर आधीपासूनच, दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणूस झाला, हे देशातल्या प्रत्येक शाळेला कळलेलं आहे. बाईंच्या वर्गातले वारली तारपा वाजवत नाहीत, हेडफोन लावतात. ते त्यांना चालतं. त्रिकोणाच्या बाजू समान नसलेल्या चालत नाहीत.

तर ऐपण. गेरूने सारवलेल्या लाल जमिनीवर तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रेघा. बाईंनी अभ्यास केला आणि हरखल्या. कारण लाल मातीवर तांदूळ हेच वारलीचं, आणि शिमोग्याच्या सागर तालुक्यातल्या दीवरू बायकांच्या हसे चित्ताराचंही तेच. कुठे कुमाऊं, कुठे डहाणू, कुठे सागर! हे त्यांनी मला डोळे मोठे करून सांगितलं, आणि मला वाटतं बाईंच्या सगळ्या बोलण्यातला हा सर्वांत खरा आनंद होता. अडचण एकच. ऐपण ब्रशने काढत नाहीत. उजव्या हाताच्या शेवटच्या तीन बोटांनी, पिठात बुडवून, ओढत नेतात. बाईंची चिमूट रांगोळीची, अंगठा आणि तर्जनीची. घरी रात्री त्या जेवणाच्या टेबलावर तीन बोटांचा सराव करत होत्या आणि नवरा ‘हिला काही झालंय का’ म्हणून बघत होता, असं त्यांनीच सांगितलं.

पालकांना निरोप गेला: उद्या मुलांबरोबर वाटीभर राइस पेस्ट पाठवा. आता बेंगळुरूच्या घरात राइस पेस्ट म्हटल्यावर हात कुठे जाणार? फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाने डोशाचं तयार पीठ आणलं. आंबवलेलं. काहींचं फसफसत होतं. बाईंनी मिनिटभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘चलो, शेवटी तांदूळच ना.’ मुलांनी गेरू रंगाच्या कार्डशीटवर तीन बोटांनी लक्ष्मीची पावलं काढली. ती पावलं अपार्टमेंटच्या जिन्याने चढत होती, एक पाऊल लिफ्टमध्ये गेलं होतं. काहींनी बोटं चाटली आणि चटणी मागितली. चित्रं वाळायला कॉरिडॉरमध्ये टांगली. सकाळपर्यंत पीठ फुगून पावलांना सूज आली होती, आंबूस वास मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत पोचला होता आणि भिंतीवर मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग लागली होती. आयम्माने कमरेवर हात ठेवून सगळं पाहिलं आणि म्हणाली, ‘मिस्सु, स्वल्प उप्पु हाकिदरे चेन्नागिरोदु.’ थोडं मीठ घातलं असतं तर छान झालं असतं.

मुंग्या परवडल्या, पालक नको, असं बाईंचं मत. मोठ्यांचा हात ओळखण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. शाळेत सकाळी प्रोजेक्ट जमा होतात तेव्हा त्या टेबलापाशी उभ्या राहून एकेक उचलतात. हे आईने कापलंय, वळणावर कात्री थांबलेली नाही. हे आजीचं, गाठ बघा. हे विकत आणलंय. ‘ज्यावर फेव्हिकॉलचे ओघळ नाहीत, ते मुलाचं नाही.’ यात तथ्य आहे. मोठी माणसं चार कोपऱ्यांना चार थेंब लावतात, मूल आधी बाटली रिकामी करतं आणि मग काय चिकटवायचं ते शोधतं. एका इंजिनियर बाबांनी तर अख्खं विधानसौध थ्रीडी प्रिंटरवर छापून पाठवलं. खांब 12. मूल त्या पांढऱ्या प्रतिकृतीशेजारी पाहुण्यासारखं उभं होतं. ‘कोणी केलं?’ ‘पप्पाने. नाइटमें. मला टच पण नाही करू दिलं.’ बाईंनी त्या बाबांना बोलावून अर्धा तास चिझेक ऐकवला. सेवाग्रामही सांगितलं असणार. त्या बाबांनी शेवटी विचारलं, ‘पण मॅम, प्रपोर्शन्स बरोबर आहेत ना?’ बाई सांगतात, तिथे त्यांची जीभ अडखळली. प्रपोर्शन्स अगदी बरोबर होती. दुसऱ्या एका आईने चौकशी केली होती की दर जानेवारीत कुमार कृपा रस्ता बंद करून चित्रकला परिषदेची चित्रसंते भरते, तिथे आमच्या मुलीला स्टॉल मिळेल का. मुलगी पहिलीत.

भाद्रपदात बाईंचा हंगाम. पीओपीच्या मूर्ती नकोत म्हणून इथे सोसायटी-सोसायटीत मुलांकडून मातीचे गणपती करून घेतात. बाईंनी बेन्सन टाउनजवळच्या पॉटरी टाउनमधून जेडिमण्णूचे, म्हणजे चिकणमातीचे, गोळे आणवले, शाडूची आठवण काढून उसासा टाकला, आणि टेबलावर प्लॅस्टिक अंथरलं. ‘सोंड कशीही करा, कान कसेही करा. तुमचा गणपती, तुमची मर्जी.’

आमच्या नातवाने सोंड सरळ वर केली. बाईंनी हात मागे धरून विचारलं, ‘असं का रे, बाळा?’

‘ट्रॅफिक थांबवतोय.’

‘अस्सं. आणि उंदीर?’

‘सिल्क बोर्डच्या सिग्नलला अडकलाय. येईल.’

‘काय सुंदर कल्पना! कुणीही हात लावायचा नाही याला,’ असं बाईंनी वर्गाला जाहीर केलं आणि माझ्याकडेही रोखून बघितलं. मग त्या तिथेच उभं राहून सोंडेबद्दल, कल्पनाशक्तीबद्दल, मुलांच्या आत आधीच सगळं असतं याबद्दल बोलू लागल्या, आणि बोलता बोलता कोरणी कधी त्यांच्या हातात आली ते त्यांनाही कळलं नाही. बोलणं संपलं तेव्हा सोंड डावीकडे वळलेली होती, टोकाशी मोदक होता, सोंडेवर समांतर वळ्या होत्या आणि पोटावर जानवं होतं. इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळावी असा गणपती. नातवाने तो माझ्याकडे आणून दिला.

‘आजोबा, हा मिस्चा आहे. त्या बोलत होत्या ना, तेव्हा त्यांचा हात करत होता.’

घरी आल्यावर त्याने उरलेल्या मातीचा दुसरा केला. सोंड वर, उंदीर गैरहजर. आता एका घरात दोन गणपती कसे बसवायचे? आमच्या हिने निकाल दिला: पूजा मुलाच्या गणपतीची, बाईंचा शोकेसमध्ये. चतुर्थीला संध्याकाळी बाई दर्शनाला आल्या, नमस्कार केला, आणि मान वर केल्यावर त्यांना ती उभी सोंड दिसली. ‘अगदी मोकळा गणपती,’ त्या म्हणाल्या, आणि पाटाकडे एक पाऊल सरकल्या. हिने ताबडतोब उकडीचा मोदक त्यांच्या उजव्या हातावर ठेवला, वर तुपाची धार सोडली, म्हणजे तो हात कुठे हलायला नको. बाईंनी मोदकाकडे पाहिलं, सोंडेकडे पाहिलं, मोदक डाव्या हातात घेतला, आणि तुपाचं बोट पदराला पुसत म्हणाल्या, ‘नुसतं टोक हो, काकू, जरासं टोक...’